खारा वारा, तांबडी धूळ आणि हिरव्या पाटीची गाडी

विजेच्या गाडीत मालकाने हात घालावा असं फारसं काही उरलेलं नाही. ऑइल बदलायचं नाही, प्लग घासायचे नाहीत, क्लचची केबल ओढून बघायची नाही. बॉनेट उघडलं तरी आत झाकणंच झाकणं, आणि त्यांच्या मधून डोकावणाऱ्या जाड नारिंगी केबली. त्यांना हात लावायचा नाही, हे गाडीबरोबर आलेल्या पुस्तिकेत ठळक अक्षरांत बजावलेलं असतं. बाबांच्या पिढीने गाडीवर माया केली ती इंजिनावर. त्यांची फियाट सकाळी पहिल्या सेल्फला लागली की घरात सगळ्यांचा दिवस बरा जायचा. रंग काय, पोपडे धरले तर धरले. आम्हाला माया करायला उरलं ते वरचं कातडं आणि आतली बैठक. मला ते कमी वाटत नाही. गोव्यात तर मुळीच नाही, कारण गाडीच्या रंगावर आणि आतल्या कापडावर जे जे म्हणून उठू शकतं ते सगळं या एवढ्याशा राज्यात नांदतं: समुद्राचं मीठ, जांभ्याची धूळ, आंब्याचा चीक, वटवाघळांची विष्ठा, चार महिन्यांची ओल आणि डिकीत ठेवलेली मासळी.

मी फोंड्याकडची. रोज पणजीला जाते, आठवड्यातून एखाद्या वेळी मांडवीतल्या चोडण बेटावर फेरीबोटीने. एवढ्या फिरण्यातून एक गोष्ट माझ्या मनात पक्की बसली आहे. गाडीचा रंग मळाने खराब होतो त्यापेक्षा जास्त तो धुण्याने खराब होतो. घाईच्या, रगडून केलेल्या, चुकीच्या वेळच्या धुण्याने.

हे समजायला रंग किती पातळ असतो ते आधी डोळ्यांसमोर आणलं पाहिजे. पत्र्यावरचे सगळे थर मिळून जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन. आपल्या डोक्याचा केस ७० च्या आसपास. म्हणजे दोन केस एकावर एक ठेवले की गाडीचा सगळा रंग आला. त्यातला सगळ्यात खालचा थर मला फार आवडतो. कारखान्यात गाडीचा उघडा सांगाडा रंगाच्या हौदात अख्खाच्या अख्खा बुडवतात आणि त्यातून वीज सोडतात. विजेच्या ओढीने रंगाचे कण पत्र्याच्या कानाकोपऱ्यात, ब्रश कधी पोचणार नाही अशा पोकळ्यांत जाऊन बसतात. गंजाशी खरी लढाई तो थर लढतो. त्यावर प्रायमर, प्रायमरवर रंग, आणि रंगावर क्लिअर कोट नावाचा पारदर्शक थर, ४०-५० मायक्रॉनचा. चमक दिसते ती त्याची. उन्हातल्या अतिनील किरणांना अडवणारं द्रव्यही त्याच्यातच मिसळलेलं असतं. मशीनने पॉलिश मारून ओरखडे काढतात तेव्हा प्रत्यक्षात हा थर थोडा थोडा खरवडून ओरखड्याच्या तळापर्यंत खाली आणलेला असतो. गाडी नव्यासारखी दिसते खरी, पण जे गेलं ते परत येत नाही. म्हणून दर दिवाळीला पॉलिश करून घेणाऱ्यांना मी हात जोडून सांगते की ओरखडे काढत बसण्यापेक्षा ते पडू देऊ नका.

आणि ते पडतात कसे हे बघायचं असेल तर फेब्रुवारी-मार्चमध्ये कुठल्याही रस्त्याकडेच्या वॉशिंग सेंटरवर पाच मिनिटं उभं राहावं. मी उभी राहिले आहे. पोरगा कष्टाळू असतो, त्याला दोष नाही. गाडीवर तांबड्या धुळीचा थर. आपल्याकडची धूळ म्हणजे जांभ्याची पूड, लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं आणि त्यात वाळूचे बारीक कण. चिऱ्यांचे ट्रक, रुंदीकरणात उकरलेला महामार्ग, सगळीकडून ती येते. पोरगा पाण्याचा एक फवारा मारतो, साबणाच्या बादलीत स्पंज बुडवतो आणि बॉनेटवर गोल गोल फिरवायला लागतो. स्पंज खाली पडतो. तो उचलतो, मांडीवर एकदा आपटतो आणि परत लावतो. बादलीतलं पाणी पहिल्या दारापाशीच चहाच्या रंगाचं झालेलं असतं, आणि त्याच पाण्यात आणखी दोन गाड्या व्हायच्या असतात. संध्याकाळच्या तिरप्या उन्हात अशा गाडीच्या काळ्या दारावर सूर्याच्या भोवती वर्तुळाकार बारीक रेघांचं जे जाळं दिसतं ते तिथे विणलं गेलेलं असतं.

घरी धुणं काही अवघड नाही. धूळ आधी पाण्यानेच जाऊ द्यायची, हात न लावता. पाइपाने वरून खाली, सावकाश. फोम मारायची सोय असेल तर तो पाच मिनिटं राहू द्यावा. मळ सैल होऊन ओघळतो. मग दोन बादल्या घ्यायच्या, एकीत गाडीचा शॅम्पू, दुसरीत साधं पाणी. मायक्रोफायबरचा हातमोजा शॅम्पूत बुडवायचा, टपाचा एक भाग सरळ रेषेत पुसायचा, साध्या पाण्यात खळबळून घ्यायचा, मग परत शॅम्पूत. खालचा पट्टा, म्हणजे चाकांच्या मागचा आणि दारांच्या बुडाचा, सगळ्यात शेवटी आणि वेगळ्या फडक्याने. भांड्यांचा साबण नको. तो तेलकटपणा काढतो, पण त्याबरोबर लावलेलं मेणही घेऊन जातो. उन्हात नको, कारण आपल्याकडच्या उन्हात बॉनेटवरचं पाणी पुसायच्या आत सुकतं आणि थेंबातल्या क्षारांचे पांढरे डाग मागे राहतात. किनाऱ्याजवळच्या कूपनलिकेचं पाणी मचूळ असेल तर हा त्रास दुप्पट. सकाळी सातच्या आत किंवा ऊन उतरल्यावर धुवावी, आणि हवेवर न सोडता जाड मऊ टॉवेल पसरून पाणी टिपून घ्यावं. शेजारचे काका कुंपणावरून विचारतात, "कितें बाय, आज गाडयेक न्हाण?" असतं खरं न्हाणच ते.

मे महिन्यात विहिरीचा तळ दिसायला लागला की एवढं पाणी ओतायला मन होत नाही. त्या दिवसांत बिनधुण्याचा शॅम्पू म्हणून जो मिळतो तो चांगला. अर्ध्या बादलीत झाकणभर. त्यातले पॉलिमर धुळीच्या कणाभोवती बुळबुळीत आवरण धरतात आणि कण रंगावर न घासता फडक्यात येतो. मात्र धूळ फार दाट असेल तर आधी फवारा मारावाच लागतो.

वास्कोत राहणाऱ्या माझ्या मैत्रिणीची गोष्ट निराळी. तिच्या गाडीवर लाल धुळीऐवजी काळी पूड बसते, बंदरातल्या कोळशाची. ती पूड चिकट असते. कोरड्या कापडाने पुसायला गेलं की रंगावर काळा पट्टा ओढला जातो. तिच्या गाडीला फोमशिवाय गत्यंतर नाही, आणि खरं तर गाडी ही त्या गावातल्या लोकांची सगळ्यात छोटी तक्रार आहे.

झाडांकडे येऊ. सावलीत गाडी लावणं ही आपली उपजत बुद्धी, आणि गोव्यात सावली म्हणजे आंबा, फणस, काजू. आंब्याच्या देठाचा चीक माणसाच्या कातडीवर उठतो हे पोरासोरांनाही माहीत असतं. रंगावरही तो तसाच उठतो, उन्हाने कडक होतो आणि मग नखाने काढायला गेलं की क्लिअर कोटही ओरबाडला जातो. पक्ष्यांच्या आणि वटवाघळांच्या विष्ठेचंही तेच. ती आम्लधर्मी असते हे अर्धंच कारण. दुपारी तापून रंग मऊ पडतो, फुगतो. विष्ठा त्यावर सुकून घट्ट होते. रात्री रंग गार होऊन आकसतो तो त्या कडक सालीच्या आकाराला धरून, आणि साल काढल्यावर खाली तिचा ठसा राहतो. म्हणून इथे उशीर चालत नाही. माझ्या गाडीच्या दारात पाण्याची एक फवाऱ्याची बाटली आणि दोन फडकी कायम असतात. ओलं फडकं डागावर दोन मिनिटं ठेवायचं, मऊ झालं की उचलून घ्यायचं. घासायचं नाही. आठवडाभराच्या धुण्याने जे होत नाही ते या दोन मिनिटांनी होतं.

आता संरक्षणाचं. दुकानात गेलं की सिरॅमिक कोटिंगवाला आधी भेटतो. "मॅडम, नाईन एच आहे, दगडसुद्धा लागणार नाही." हा नाईन एच म्हणजे पेन्सिलच्या शिशाचा कडकपणा मोजण्याच्या चाचणीतला आकडा. त्याचा दगडाशी काही संबंध नाही. सिरॅमिक म्हणजे सिलिकाचा अतिशय पातळ थर, चांगला लावला तर काही वर्षं टिकतो, मळ चिकटू देत नाही, धुणं सोपं करतो. हे सगळं खरं. पण त्यावर पाण्याचे टपोरे थेंब उभे राहतात ते आपल्या उन्हात तिथेच सुकले तर डागही टपोरे पडतात. दगडाची टिचकी अडवायची असेल तर पीपीएफ, म्हणजे पॉलियुरेथेनची पारदर्शक फिल्म. ती १५० ते २०० मायक्रॉन जाड असते, म्हणजे सगळ्या रंगाहून जाड, आणि बारीक ओरखडे उन्हाच्या धगीने तिच्यात आपोआप मिटतात. सबंध गाडीला लावायची तर खर्च फार. माझं मत विचाराल तर पुढचा बंपर, बॉनेटची पुढची कड, आरशांच्या पाठी आणि दारातला उंबरठा एवढ्याला फिल्म, आणि बाकी सगळीकडे वर्षातून दोनदा मेण.

मेणाबद्दल माझा पक्षपात आहे, तो सांगून टाकते. गाडीच्या चांगल्या मेणात कार्नोबा असतो. ब्राझीलच्या ईशान्येकडच्या कोरड्या मुलखात एक ताडाच्या जातीचं झाड उगवतं, त्याच्या पानांवर ऊन-वाऱ्यापासून बचाव म्हणून मेणाचा थर धरतो. पानं वाळवून झोडपतात आणि तो थर काढतात. वनस्पतिजन्य मेणांत हे सगळ्यात कडक, ऐंशी अंशांच्या पुढे गेल्याशिवाय वितळत नाही. आपला काजू त्याच ब्राझीलमधून पोर्तुगिजांच्या गलबतांतून सोळाव्या शतकात इथे आला आणि इथलाच झाला. डबी उघडून बोटभर मेण पॅडवर घेते तेव्हा मला हे नातं आठवतं, आणि एका उष्ण मुलखातल्या झाडाने स्वतःसाठी शोधलेला उपाय दुसऱ्या उष्ण मुलखात आपल्या कामी येतो याचा आनंद होतो. पातळ हात, धूसर होईपर्यंत थांबणं, मऊ फडक्याने उजळणं. हाताने केलं तर बॉनेटचा प्रत्येक उंचसखलपणा बोटांना कळतो.

जूनमध्ये पाऊस लागला की बाहेरची चिंता कमी होते आणि आतली वाढते. आर्द्रता ९० टक्क्यांच्या आसपास, दिवसचे दिवस ऊन नाही. गाडी चार दिवस बंद राहिली की स्टिअरिंगवर, सीट बेल्टच्या पट्ट्यांवर, दारांच्या कप्प्यांत पांढुरकी-हिरवी बुरशी धरते. ती कोरड्या फडक्याने झटकू नये, बीजाणू सगळ्या गाडीत पसरतात. दारं उघडी टाकून, तोंडाला रुमाल बांधून, पाण्यात निम्मं व्हिनेगर घालून ओलसर फडक्याने पुसावं आणि लगेच कोरडं करावं. पण बुरशीवर औषध एकच, गाडी आतून सुकी राखणं. इथे विजेची गाडी फार उपयोगी पडते. घरी चार्जिंगला लावलेली असताना फोनवरून एसी चालू करता येतो. पेट्रोलच्या गाडीत त्यासाठी बंद अंगणात इंजिन धडधडत ठेवावं लागलं असतं. पावसाळ्यात मी दिवसाआड पंधरा मिनिटं एसी लावते, मग थंडावा बंद करून नुसता पंखा पाच मिनिटं. आतल्या कॉइलवर साचलेला दमटपणा सुकला की तो कुबट वासही येत नाही. ओली छत्री, ओले रेनकोट आत घ्यायचे तर प्लास्टिकच्या खोल ट्रेमध्ये. रबरी मॅट उचलून खालचा गालिचा हाताने चाचपायची सवय ठेवावी, कारण या गाड्यांत बऱ्याचदा तळ सपाट असतो आणि पाणी एका ठिकाणी दिसत नाही, पसरत जातं.

आणि मासळी. मालीम जेटीवरून बांगडे घेऊन येताना पिशवी फाटली आणि बर्फाचं पाणी डिकीच्या गालिच्यात मुरलं, तेव्हा दुकानातली सगळी सुगंधी फवारणी निकामी ठरली. उपाय आईने सांगितला, तोही सहज, खोबरं खवता खवता. "आंबट घाल गं त्याला. आपण आमसोल कशाला घालतो?" मासळीच्या वासाचं मूळ असलेलं ट्रायमिथाइलअमीन अल्कधर्मी असतं. आम्ल मिळालं की त्याचा क्षार बनतो, आणि तो क्षार हवेत उडत नाही. आमसोल, चिंच, लिंबू, सगळ्यांचं रसायन हेच. गालिच्यावर आमसोलाचा डाग पडला असता आणि लिंबाने तो चिकट झाला असता, म्हणून पांढरं व्हिनेगर पातळ करून शिंपडलं, टिपून घेतलं, परत शिंपडलं, वरून खाण्याचा सोडा रात्रभर, सकाळी व्हॅक्यूम. वास गेला. काही गाड्यांना पुढे बॉनेटखाली एक छोटी डिकी असते. मासळीसाठी मला तीच जागा योग्य वाटते, कारण ती बसायच्या भागापासून वेगळी असते.

चवथीत माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या फळा-पानांच्या मांडवीचं सामान, हळद-कुंकवाच्या पुड्या, सगळं सीटवरूनच येतं. फिकट रंगाच्या सीटवर हळद सांडली तर साबण लावू नये, साबणाने ती लाल होते. कोरडी झटकून, ओल्या फडक्याने टिपून, ती बाजू उन्हाकडे करून गाडी उभी करावी. हळदीचा रंग उन्हात विरतो. हे आपल्याला साड्यांमुळे माहीत आहेच.

मधल्या मोठ्या पडद्यावर काच पुसायचा अमोनियावाला फवारा मारू नये, वरचा चकाकी रोखणारा लेप उतरतो. कोरडं मायक्रोफायबर पुरतं.

पाणी आणि वीज यांची भीती बऱ्याच जणांना असते. पावसात चार्जिंग करावं की नाही हे मला दर जूनमध्ये कोणीतरी विचारतं. व्यवस्थित बसवलेल्या चार्जरवर करावं. प्लग नीट बसून गाडी आणि चार्जर यांची आपसांत खूण पटल्याशिवाय त्यातून मुख्य वीज वाहतच नाही. चार्जिंग चालू असताना गाडी धुवू मात्र नये, आणि चार्जिंगच्या सॉकेटवर प्रेशर वॉशर कधीच नाही. बॅटरीला आयपी ६७ हे पाणी-धूळ रोखण्याचं मानांकन असतं म्हणून निर्धास्त राहणारेही भेटतात. तो आकडा एक मीटरपर्यंतच्या गोड्या पाण्यात अर्धा तास बुडण्याचा आहे. जोराच्या धारेसाठी वेगळी चाचणी असते. खाऱ्या पाण्याची तर गोष्टच वेगळी. २०२२ मध्ये इयन वादळानंतर फ्लोरिडात समुद्राच्या पाण्यात बुडालेल्या विजेच्या गाड्या नंतर पेटल्या होत्या. आपल्याकडे मोरजीच्या किनाऱ्यावर वाळूत गाडी घालणारे पर्यटक दर हंगामात बातमीत असतात. मनाई आहे म्हणून तर नकोच, पण गाडीवर जीव असेल तर त्यासाठीही नको.

फेरीचं मात्र टाळता येत नाही. भरतीला उतरणीच्या टोकावर मांडवीचं मचूळ पाणी चढलेलं असतं आणि चाकं त्यातून जातात. त्या संध्याकाळी घरी आल्यावर चाकांच्या आत आणि गाडीच्या पोटाखाली साध्या पाइपाचं गोडं पाणी भरपूर सोडायचं, कमी जोराने.

त्यातून ब्रेकची आठवण करायलाच हवी, कारण हे दुखणं विजेच्या गाडीचं खास आहे. पाय उचलला की मोटरच गाडीला रोखते आणि वीज परत बॅटरीत जाते. ब्रेकचे पॅड डिस्कला, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी चकतीला, क्वचित लागतात. डोंगरात राहणाऱ्याला हे वरदान, पण आपल्या खाऱ्या, दमट हवेत न घासलेली डिस्क गंजते, आणि गंज खोल गेला की बदलावी लागते. फोक्सवॅगनने आयडी ४ या विजेच्या गाडीला मागे ड्रम ब्रेक, म्हणजे झाकलेल्या डब्यातले ब्रेक, दिले त्यामागे गंजाचा हा विचारही होता. मी आठवड्यातून एकदा, आणि गाडी धुतल्यावर न चुकता, मोकळ्या रस्त्यावर मोटरची रोख कमीत कमी ठेवते आणि चार-पाच वेळा ब्रेक चांगला दाबते. खर्र असा आवाज येतो, मग कमी होतो, मग डिस्क स्वच्छ. बॅटरी शंभर टक्के भरलेली असतानाही हे आपोआप घडतं, कारण परत आलेली वीज ठेवायला जागाच नसते.

ऑक्टोबरात पाऊस सरला की वर्षातलं सगळ्यात मोठं काम. रंगावर लोहाचे कण रुतून बसलेले असतात, तळहात फिरवला तर खरखर लागते. लोह विरघळवणारा फवारा मारला की ठिकठिकाणी जांभळे ओघळ उतरतात. वास उग्र असतो, पण पाच मिनिटांत धुऊन टाकलं की रंग काचेसारखा. मग मेण. दारांच्या रबरी पट्ट्या पुसून त्यांना सिलिकॉनचा हात. आणि एक काम वॉशिंग सेंटरवर कोणी करत नाही, ते आपणच करावं. प्रत्येक दाराच्या बुडाशी पाणी निघून जायला बारीक भोकं असतात. चार महिन्यांत ती तांबड्या चिखलाने आणि कुजलेल्या पाल्याने बुजतात, पाणी दारात राहतं आणि पत्रा आतून सडायला लागतो. खाली वाकून, बोटाने कड चाचपून, एकेक भोक मोकळं करावं. त्यासाठी तार घेऊ नका, प्लास्टिकची काडी घ्या. आत तोच पहिला थर आहे, विजेने बसवलेला, आणि त्याला ओरखडा पडता कामा नये.